उष्टी हळद

उन्नतीने तबकडी ओढणीच्या टोकाने पुसली, खिडकीच्या उजेडात तिरकी धरून पाहिली आणि कुंदनच्या गेमच्या डब्यात सरकवली. डबा थोडा गुरगुरला. टीव्हीवर निळा पडदा आला आणि त्यावर ओळ उमटली, ही डिस्क वाचता येत नाही.

"ही पण व्हीसीडी निघाली," कुंदन म्हणाला. "जुनी आहे ना. याच्यात डीव्हीडीच चालते."

"कमळाकरकाकांची होती," सोनल म्हणाली आणि तबकडी परत पाकिटात घातली.

पावणे गावात लग्नाच्या तबकड्या अजून कपाटाकपाटात होत्या, पण त्या लावायचं यंत्र कुणाकडेच उरलं नव्हतं. कुंदनची धाकटी बहीण सोनल घरोघरी जाऊन त्या मागून आणत होती. कुंदनच्या गेमला डिस्क घालायची फट आहे, हे त्याच्या बायकोच्या, उन्नतीच्या लक्षात आलं होतं. कुंदन सगळे खेळ नेटवरून उतरवायचा. फट आहे हे तो स्वतःच विसरला होता.

सोनलला आईचा आवाज हवा होता.

तिची आई पुतळाबाई गावची धवलारीण. हळद असो, मांडव असो, प्रत्येक विधीचा धवला, म्हणजे लग्नाचं गाणं, तिने म्हणायचा आणि मागून बायकांनी धरायचा, ही रीत. तिला कुणी शिकवलं नव्हतं, ती आपल्या आत्याच्या शेजारी बसून शिकली होती. कुंदनचं लग्न ठरलं त्याच सुमारास तिच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठ गेली, पण आवाजही गेला. आता ती बोलायची तेव्हा नुसती हवा यायची, आणि ती ऐकायला जवळ जावं लागायचं. म्हणून ती फारसं बोलतच नसे. करंजाड्याहून या घरात आलेल्या उन्नतीने सासूचा खरा आवाज कधी ऐकलाच नव्हता.

पुढच्या आठवड्यात सोनलची हळद होती. नवरा मुलगा मिथुन, कामोठ्याचा.

"डीजे लावा, काय लावायचं ते लावा," सोनलने सांगून ठेवलं होतं. "पण माझ्या हळदीला आईचा धवला वाजला पाहिजे. डिस्कवरून मोबाईलमध्ये घेऊ आणि स्पीकरला जोडू."

पुढची तबकडी चालली. ती शेजारच्या मधुकरच्या लग्नाची होती. मांडवात बायकांच्या घोळक्यात पुतळा उभी होती, जरा बारीक, केसात अबोलीचा गजरा. एक हात कानाशी नेऊन तिने तोंड उघडलं, आणि त्यावर एक सिनेमातलं गाणं ढणढणत राहिलं.

तिघं पाहत राहिले. मागे दिवाणावर पुतळाही पाहत होती.

"हिच्यावर पण गाणं टाकलंय," कुंदन म्हणाला. "स्टुडिओवाल्यांनी खालचा आवाज काढूनच टाकला. सगळ्याच डिस्कवर हेच."

त्याने उरलेल्या तबकड्याही एकेक करून लावल्या. कुठे गाणं, कुठे नुसती सनई. शेवटी त्याने मधुकरचीच परत घातली.

"नेटवर धवले आहेत, सोनू. दुसऱ्या गावच्या धवलारणींचे. त्यातला एक चांगला बघून लावू."

 सोनलने ओढणी सारखी केली आणि ब्लाऊज आणायला शिंपिणीकडे निघून गेली. कुंदनही कामाच्या गाडीची वेळ झाली म्हणून उठला.

उन्नती टीव्ही बंद करणार, तोच पुतळाने हात वर केला. ती पुढे सरकली होती. तिने बोट कानाजवळ नेऊन खाली आणलं. आवाज बंद कर.

उन्नतीने आवाज बंद केला. खोली एकदम शांत झाली. पडद्यावरची पुतळा गात होती, आणि दिवाणावरच्या पुतळाचे ओठ तिच्यामागून हलायला लागले. मध्येच ते चुकले. तिने मागे घ्यायची खूण केली. उन्नतीने हातातल्या कंट्रोलरवरून चित्र मागे नेलं. ओठ पुन्हा लागले.

"आई, काय म्हणताय?"

पुतळाने तिच्या मानेमागे हात घालून तिचा कान आपल्या तोंडाशी ओढून घेतला. गरम हवा लागली.

"पयली हलद देवाला."

"पयली हलद देवाला," उन्नती म्हणाली.

पुतळाने मान हलवली आणि 'देवाला'वर हात हवेत लांबवर नेला. उन्नतीने शब्द लांबवला. हात आणखी पुढे गेला. तिचा श्वास संपला आणि तिला हसू आलं.

"मला नाही जमणार आई. शाळेत प्रार्थनेलासुद्धा मी मागे उभी राहायचे."

"धवला गायाचा नाय," पुतळा कुजबुजली. "सांगायचा हाय."

मग रोज दुपारी जेवणं आवरली की दोघी टीव्हीसमोर बसायच्या. पडद्यावरचे ओठ पाहून पुतळाला ओळी आठवायच्या, ती त्या कानात सांगायची, आणि चाल हाताने उन्नतीच्या गुडघ्यावर वाजवायची. इतर ओळींना ती अडखळायची, एका ओळीपाशी मात्र कधीच नाही. नवऱ्याची उष्टी हळद नवरीकडे जाते, त्याची ती ओळ. तीत दोन नावं येत, आधी नवऱ्याचं, मग नवरीचं. मधुकरच्या 'म'ला पडद्यावरचे ओठ मिटायचे, तेही उन्नतीला आता ओळखू येऊ लागलं.

"नावं बदलायची," पुतळाने सांगितलं. "बाकी तसाच."

सोनलच्या हळदीला कुंदनने डीजेवाल्याला थांबवलं, तेव्हा म्हाताऱ्या बायका पुतळाकडे पाहू लागल्या. पुतळा जागची हलली नाही. उन्नती उभी राहिली. पहिली ओळ फाटलीच. दुसरी जरा बरी आली. पुतळा खाली बसून मांडीवर ताल धरत होती. तिसऱ्या ओळीला मागून एका आजीने सूर मिळवला, मग सगळ्यांनी. सोनलने हळदीच्या हातांनीच डोळे पुसले आणि कपाळभर पिवळं करून घेतलं.

सोनल सासरी गेल्यावर उन्नती तबकड्या परत द्यायला काढत होती. पिशवीच्या तळाशी तिच्या आणि कुंदनच्या लग्नाचीही एक निघाली. सोनलने कपाटातून घेताना तीही टाकली असावी; आईचा आवाज गेल्यानंतरची म्हणून ती कुणी लावलीच नव्हती. उन्नतीने ती पूर्वी पाहिली होती, पण आपल्याकडचा, करंजाड्याचा भाग तेवढा. तिथे हळदीला रात्रभर डीजे होता.

आता तिने कुंदनची हळद लावली, आणि सवयीने आवाज बंद केला.

कुंदन पाटावर पिवळाधमक बसला होता. मामा, आत्या, मित्र, सगळे त्याला हळद फासत होते. मागे खांबाशी एका खुर्चीत पुतळा बसलेली, गळ्याला पांढरी पट्टी. तिच्याजवळ कुणी नव्हतं. तिचे ओठ हलत होते. पूर्वी पाहिलं असतं तर उन्नतीला वाटलं असतं, धाप लागली असेल.

तिने चित्र मागे घेतलं. पयली हलद देवाला. दुसरी मांडवाला. ओळीमागून ओळ तिला कळत गेली. मग उष्ट्या हळदीची ओळ आली. 'कुंदन'च्या 'कु'ला ओठ गोल झाले. क्षणभर थांबले. आणि पुन्हा गोल झाले, या वेळी 'उ'ला.

उन्नतीने चित्र तिथेच थांबवलं.

आत पुतळा बोंबील साफ करत होती. उन्नती दारात येऊन उभी राहिली.

"काय गो?" पुतळाच्या ओठांनी विचारलं.

 पुतळाने तिच्या खांद्यावरून टीव्हीकडे पाहिलं. मग नळाखाली हात धुतले, पदराला पुसले.

"तवा कोनाला आयकू नाय गेला," ती कुजबुजली.

"आता सांगा," उन्नती म्हणाली, आणि तिने कान पुढे केला.