वेळ कुणी फोडली

आबासाहेब सर मायाक्काच्या दारात आले तेव्हा ती भाकरी थापत होती. उन्हं कलली होती, पण डोक्यावरचा पत्रा अजून तव्यासारखा तापलेला होता. पिठाच्या हातांनीच ती उठली आणि सरांच्या पाया पडली. सरांनी आशीर्वाद दिला नाही, खुर्चीवरही टेकले नाहीत. उंबऱ्यात उभे राहूनच म्हणाले, "मायाक्का, उद्या तुमचं पथक वसतिगृह पाडायला येणार म्हणे. किती वाजता, तेवढं सांग."

हा प्रश्न येणार हे तिला आठ दिवसांपासून ठाऊक होतं. उत्तर मात्र तयार नव्हतं.

मायाक्का मूळची सांगोल्याकडची. बाप येडू मेंढरं राखायचा. सोलापुरात कबड्डी शिकवणाऱ्या आबासाहेब सरांनी शाळेच्या सामन्यात तिला बघितलं तेव्हा ती नववीत होती. पोरीनं कुणाचा घोटा धरला की तो सुटत नव्हता. सर थेट मेंढरांच्या वाड्यावर गेले आणि येडूला म्हणाले, पोरगी दोन वर्षं माझ्या ताब्यात द्या. येडूनं दिली. सोलापुरात राहायला जागा नव्हती, म्हणून कामगार क्रीडांगणाच्या सामानाच्या खोलीत, मॅटच्या ढिगावर ती झोपायची. त्या खोलीला आतून कडी नव्हती. एकदा तिथल्या राखणदारानं दार ढकललं, तेव्हा तिनं उशाची वीट उचलली आणि त्याच्या गुडघ्यावर घातली. दुसऱ्या दिवशी सरांनी त्या माणसाला अख्ख्या मैदानाभोवती चपलेनं मारत फिरवलं. तेव्हापासून सर एकच गोष्ट घोकायचे, माझ्या पोरींना आतून कडी लागणारं दार पाहिजे.

मायाक्का राज्याच्या संघातून खेळली, त्या जोरावर महापालिकेत सुरक्षारक्षक म्हणून लागली. लग्न झालं, नवरा तीन वर्षांत गेला, नोकरी राहिली. पुढं तिला अतिक्रमणाच्या पथकात घातलं. आणि सरांनी इकडं मुलींचं वसतिगृह बांधायला काढलं, त्याच क्रीडांगणावर, प्रेक्षागृहाच्या पाठीमागं. जागेवर मैदानाचं आरक्षण होतं. पक्कं बांधकाम मंजूर होणं शक्यच नव्हतं. सरांनी विचारलं, नकार आला, तरी त्यांनी पाया खणला. सिमेंट-सळई घातली इंद्रजीतनं. हा अक्कलकोट रोडच्या बाजूला प्लॉट पाडून विकणारा माणूस, चार पोरं कायम मागं. त्याची अट एवढीच, की रस्त्याकडचे गाळे त्याचे आणि वरच्या मजल्यावरचा लग्नाचा हॉलही त्याचा. सरांनी मान डोलावली. गिलावा व्हायच्या आतच खालच्या दोन खोल्यांत अकरा मुली राहायला आल्या.

तपासणीला कनिष्ठ अभियंता पृथ्वीराज गेला, तेव्हा मायाक्का सोबत होती. मंद्रूपचा पोरगा, पंचविशीचा, बुटांवर धूळ बसली तरी पुसत बसणारा. त्यानं खिशातली गाडीची किल्ली काढून खांबाला टोचली. काँक्रीट भुगा होऊन खाली सांडलं.

"मायाक्का, बघितलंस? सळ्या काडीएवढ्या घातल्यात. वर चारशे माणसं जेवायला बसली, की खाली पोरी..." त्यानं बुटावरचा भुगा झटकला. "परवानगीचं राहू दे बाजूला. हे उभं राहणार नाही."

त्यानं अहवाल दिला, नोटिसा गेल्या, इंद्रजीतचं अपील फेटाळलं गेलं, पाडायचा दिवस ठरला.

आता सर उंबऱ्यात उभे होते, आणि वेळ विचारत होते.

"सर, ती इमारत धड न्हाय," मायाक्का म्हणाली. "मी डोळ्यांनी बघितलंय."

"मला शिकवू नकोस. किती वाजता?"

"आधी पोरी हलवा. गावाकडं लावून द्या सगळ्यांना. शब्द द्या मला."

"दिला."

"खरं?"

"तुला कधी खोटं बोललोय मी?"

तो माणूस तिच्याशी खरंच कधी खोटं बोलला नव्हता. तिनं पिठाचे हात पदराला पुसले.

"अकरा वाजता. दोन जेसीबी. आमी सोळा जण. पोलीस चारच मिळालेत."

सर जिना उतरून गेले. तव्यावरची भाकरी करपली होती.

दुसऱ्या दिवशी अकराला पाच कमी असताना गाड्या क्रीडांगणाच्या फाटकाशी थांबल्या. उन्हानं डोळे उघडवत नव्हते. फाटक सताड उघडं होतं. मैदानात चिटपाखरू नाही. गाळ्यांची शटरं खाली ओढलेली. पहिला जेसीबी आत शिरला, त्याच्या मागून पृथ्वीराज हातात आदेशाचा कागद घेऊन चालला, आणि त्याच्या दोन पावलं मागं मायाक्का.

इमारतीला वळसा घातला तशी तिला तार दिसली. तारेवर ट्रॅकपँटी, ओढण्या, निळ्या जर्सी वाळत होत्या. ओल्या होत्या. खालून पाणी ठिबकत होतं.

मायाक्का ओरडली, "साहेब, थांबा! पोरी आत हायत! माघारी चला!"

पृथ्वीराज थांबला. पण माघारी फिरला नाही. त्यानं जेसीबीवाल्याला हात करून यंत्र बंद करायला लावलं आणि स्वतः दाराकडं धावला. "बाहेर या गं! आधी सगळ्या बाहेर या!"

त्याच वेळी आठही शटरं एकदम वर गेली.

चाळीसएक माणसं असतील. कुणाच्या हातात सळई, कुणाच्या हातात फावड्याचे दांडे. गच्चीवरून विटांचा मारा सुरू झाला. पहिलीच वीट जेसीबीच्या काचेवर बसली, चालक उडी मारून पळाला. चार पोलिसांतले दोघं पहिल्या दणक्यातच खाली पडले, एकाच्या कानातून रक्त यायला लागलं. पथकातली माणसं फाटकाकडं पळाली. कस्तुराबाई म्हणून मायाक्काच्या जोडीची रक्षक होती, पन्नाशीची. तिच्या पाठीत दांडा बसला तशी ती मातीत तोंडावर आपटली, आणि दोन गडी तिला तुडवतच पुढं गेले. ते मोजून आले होते. सोळा जणांना किती पुरतील आणि चार पोलिसांना किती, याचा हिशेब करून आले होते. तो हिशेब त्यांना कुणी पुरवला हे त्या धुरळ्यात फक्त मायाक्काला कळत होतं.

पृथ्वीराज दाराच्या पायरीवर सापडला. इंद्रजीत स्वतः पुढं झाला. "खांब टोचतोस व्हय रे? टोच की आता!" असं म्हणून त्यानं सळई त्याच्या खांद्यावर घातली. पोरगा बसला. दुसरा फटका डोक्यावर, कानाच्या वर. आवाज नारळ फोडल्यासारखा झाला. हातातला कागद त्यानं तरीही सोडला नव्हता. तिसऱ्या फटक्याला इंद्रजीतनं दोन्ही हात डोक्यामागं नेले.

मायाक्का तोवर पोचली. हातातली लाठी केव्हाच कुणीतरी हिसकावली होती. तिनं जमिनीवर अंग झोकून दिलं आणि इंद्रजीतचा घोटा दोन्ही हातांनी धरला. तो पालथा पडला, सळई हातातून सुटली. त्यानं मोकळ्या पायानं तिच्या तोंडावर लाथ घातली, मग आणखी एक. तिच्या नाकातून रक्ताची धार लागली. घोटा तिनं सोडला नाही. पाय बगलेत दाबून ती उठली, आणि सगळ्या अंगाचं वजन टाकून तो गुडघा उलटा फिरवला. कडकन वाजलं. इंद्रजीत गुरासारखा ओरडला.

एवढ्यावर थांबली असती तर पुढचं वेगळं झालं असतं. ती थांबली नाही. पडलेली सळई तिनं उचलली आणि त्याच पायावर मारत सुटली. मग बरगडीवर. मग पुन्हा पायावर. माणसं बाजूला झाली. पृथ्वीराज पायरीवर हात-पाय झाडत होता, त्याच्याकडं बघायचंही तिला भान नव्हतं.

"मायाक्का! मरंल तो! सोड!"

मागून कुणीतरी कंबरेला मिठी घातली. तिनं वळून सळईचा टोला दिला. तो आबासाहेब सरांच्या तोंडावर बसला. सर दोन पावलं मागं गेले, तळहातावर थुंकले. रक्तात दात होते. ते त्या दातांकडं बघत राहिले आणि मग भिंतीला टेकून हळूहळू खाली बसले.

खोलीच्या दारात अकरा मुली उभ्या होत्या. सगळ्यांनी बघितलं होतं. त्यातली वैष्णवी, वैरागची, संघाची कप्तान, पंधरा वर्षांची, पुढं आली. खाली पडलेली अर्धी वीट तिनं उचलली. मायाक्का तिच्याकडंच बघत होती. बाजूला व्हायला वेळ होता, पण ती झाली नाही. वीट भुवईवर बसली.

"आमच्या सरांना मारतीस?" वैष्णवी रडत ओरडत होती. "कोण गं तू? कोण तू?"

त्यानंतरचं मायाक्काला सलग आठवत नाही. जादा पोलीस आले, अश्रुधूर झाला, कुणीतरी तिला गाडीत घातलं.

भुवईला नऊ टाके पडले. तिसऱ्या दिवशी दवाखान्याच्या अतिदक्षता विभागाबाहेर ती गेली. पृथ्वीराजची आई मुक्ताबाई बाकावर बसून होती. मंद्रूपहून निघताना अंगावर जे लुगडं होतं तेच अजून होतं. कुणीतरी तिला सांगितलं, हीच ती बाई. मुक्ताबाई उठली आणि मायाक्काच्या गळ्यात पडली.

"लेकी, तू नसतीस तर माझा बाळ जाग्यावर गेला असता. तुझं पांग कसं फेडू मी?"

मायाक्कानं तिचे हात गळ्यातून काढले. "मावशी, माझं ऐकून घ्या. त्या लोकांना वेळ मी सांगितली हुती. किती माणसं येणार, किती पोलीस, समदं मीच सांगितलं. सरांना सांगितलं, पोरी हलवतील म्हणून. पण सांगितलं मीच."

मुक्ताबाईला कळायला थोडा वेळ लागला. मग तिनं थोबाडीत मारली. बायामाणसं गोळा झाली. तिनं दुसऱ्यांदा मारलं, तिसऱ्यांदा मारलं, टाके उसवून रक्त गालावर आलं तरी मारत राहिली. मायाक्का हात खाली सोडून उभी होती. शेवटी म्हातारीचाच हात दुखला असावा. ती बाकावर बसली आणि म्हणाली, "जा हितनं. आन् हे माझ्या पोराच्या कानावर घालू नको. तुझ्यावर लई इस्वास हुता त्येचा. घरी आला की तुझंच सांगायचा."

तिथून मायाक्का सरळ पोलीस चौकीत गेली आणि तिनं जबाब लिहून दिला.

पाचव्या दिवशी मोठ्या बंदोबस्तात इमारत पाडली. जेसीबीनं पहिला खांब ढकलला आणि वरचा मजला एका झटक्यात खाली बसला. मुली आपापल्या गावी गेल्या. मायाक्काची नोकरी सुटली. इंद्रजीतचा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला, त्याचा गुन्हा तिच्यावर लागला. जामिनावर सुटल्यावर ती एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात घड्या घालायच्या कामाला लागली. कारखान्यातून क्रीडांगणाची भिंत दिसायची. ती दुसऱ्या रस्त्यानं जायची.

पृथ्वीराजवरच्या हल्ल्याचा खटला उभा राहायला दोन वर्षं लागली. साक्षीच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात आबासाहेब सर भेटले. गाल आत गेले होते, बोलणं बोबडं झालं होतं. इंद्रजीतबरोबर तेही आरोपी होते.

"मीच इंद्रजीतला सांगितलं," ते म्हणाले. "म्हटलं, माणसं उभी करील, पथक घाबरून माघारी जाईल. मारतील असं वाटलं नव्हतं गं."

"आन् पोरी?"

सर खाली बघत म्हणाले, "पोरी आत असल्या तर पाडणार नाहीत, असं वाटलं."

मायाक्का लांबच्या बाकावर जाऊन बसली.

तिची पुकार झाली. समोरच्या ओळीत पृथ्वीराज बसला होता, शेजारी मुक्ताबाई. त्याच्या डोक्याच्या एका बाजूला केस उगवले नव्हते. त्या बाजूच्या कानानं ऐकू येत नव्हतं, डावा हात मांडीवर नुसता ठेवलेला होता. मायाक्काला बघून तो ओळखीचं हसला, आणि उजव्या हातानं नमस्कारासारखं काही केलं.

वकिलानं विचारलं, "पथकाची वेळ बाहेर कुणी फोडली?"

"मी," मायाक्का म्हणाली.

"मोठ्यानं सांगा."

"मी सांगितली. आदल्या दिवशी, माझ्या घरात."

पृथ्वीराज आईकडं वळला. "काय म्हणाली ती?"

त्यानं उजवा हात कानामागं धरून पुन्हा विचारलं, कोर्टात सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. तेव्हा ती लेकाच्या दुसऱ्या बाजूला सरकली, त्याच्या चांगल्या कानाशी तोंड नेलं आणि दोन वर्षं पोटात ठेवलेलं त्याला सांगितलं. सांगायला फार वेळ लागला नाही. कोर्ट थांबून राहिलं.

पृथ्वीराजचा उजवा हात हळूच खाली आला. मायाक्काकडं तो बघत होता, रागानं नव्हे, तिला नीट बघून घ्यावं तसा. मग त्यानं आईला विचारलं, "पोरींना लागलं नव्हतं ना कुणाला?"

"न्हाय रे बाळा."

त्यानं मान हलवली आणि नजर दुसरीकडं वळवली. वकिलानं पुढचा प्रश्न विचारला. मायाक्कानं कठडा दोन्ही हातांनी धरला आणि उत्तर द्यायला सुरुवात केली.