सोबती शिक्षक

मित्रांनो, मी एक जुना बिल्ला आहे. मला टाचणी नाही की पत्रा नाही, मी फक्त पडद्यावर दिसतो. शाळेतल्या संगणकाच्या बाईंनी मला घडवलं. हिरवं वर्तुळ, मध्ये उघडं पुस्तक आणि खाली अक्षरं: 'सोबती शिक्षक'. शिक्षकांच्या संगणकावरच्या अभ्यासगटात जो इतरांच्या उपयोगी पडेल, त्याच्या नावाशेजारी मी बसायचं, असं ठरलं. माझी छाती केवढी फुगली म्हणून सांगू!

पण बाईंच्या हातून एक घोळ झाला. उपयोगी कोण, हे त्यांनी कोण किती प्रतिसाद लिहितो ते मोजून ठरवलं. झालं! इतिहासाचे सर प्रत्येकाच्या लिखाणाखाली न वाचताच 'छान' लिहायचे. मी जाऊन बसलो त्यांच्या नावाशेजारी. सगळे त्यांना 'छान सर' म्हणू लागले, आणि त्यांना तेही कौतुकच वाटलं.

गणिताच्या ताई मात्र आपला फसलेला पाठसुद्धा गटात मांडायच्या. कुठे चुकलं ते लिहायच्या, पुन्हा घेऊन पाहायच्या. त्याखाली कुणाचा शब्द नाही, सरांचं 'छान' तेवढं. शेवटी त्यांनी लिहिलं, "माझं कुणी वाचत नाही. मी गट सोडते आहे."

त्याखालीही सरांनी लिहिलं, 'छान'.

ताई गेल्या तर गटात उरणार काय? मला आपणहून हलता येत नव्हतं, पण मी मनाशी पक्कं केलं, आता बसेन तर ताईंशेजारीच.

संगणकाच्या बाईंनी ताईंना आठवडाभर थांबायची गळ घातली आणि नियमच बदलला. कुणाचा पाठ दुसऱ्याने वर्गात घेऊन पाहिला आणि काय झालं ते लिहिलं, तरच पाठ देणाऱ्याला बिल्ला. मी सरांच्या नावावरून उतरलो. सर आधी घुश्श्यात होते. मग आपण कशाकशाला 'छान' म्हटलं होतं ते त्यांनी वाचलं, आणि ते खजील झाले. पण गप्प बसले नाहीत. दोऱ्याने नकाशावरचं अंतर मोजायचा ताईंचा पाठ त्यांनी इतिहासाच्या तासाला घेतला आणि गटात लिहिलं, "ताई, माझी चूक झाली, माफ करा. तुमचा पाठ घेतला, पण माझ्या वर्गात पार फसला. मुलांनी दोरा ताणून ताणून तोडला. काय करू?"

ताईंचं उत्तर आलं, "सुतळी घ्या. उद्या मीच येते तुमच्या तासाला."

मी ताईंच्या नावाशेजारी बसलो तो त्या दिवशी.

आता नवे, चकचकीत बिल्ले आलेत, माझ्याकडे फारसं कुणी पाहत नाही. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण माझं एक मागणं आहे, मित्रांनो. कुणी तुम्हाला काही शिकवलं, तर ते करून पाहा, आणि फसलं तरी त्यांना जाऊन सांगा. ते वाट पाहत असतात.