घागर उचलताना भरलेली चमक

तुंगार्लीच्या चढावर मुंबईच्या एका भाटिया शेठचा बंगला होता. दत्तोबा त्या बंगल्याचा माळी, राखणदार आणि शेठ नसले म्हणजे जवळजवळ मालकच होता. शेठ वर्षातून दोन महिने येत. उरलेले दहा महिने फाटकाशी उभं राहून कुणाला आत सोडायचं आणि कुणाला नाही, हे दत्तोबा ठरवी. मूळचा तो मळवलीचा शेतकरी. पण भाताची खाचरं धाकट्या भावाच्या हवाली करून वीस वर्षं इथं काढल्यामुळं त्याच्या चालण्याबोलण्यात एक भारदस्तपणा आला होता. तेवढा तर शेठच्या अंगातही नव्हता.

बंगल्यामागच्या दोन खोल्यांत त्याचा संसार होता. बायको झुंबरबाई, रेल्वेच्या लायनीवर कामाला जाणारा मुलगा बजरंग आणि आंबीहून आणलेली सून बया. बया पायाळू होती, म्हणजे जन्मताना आधी पायांनी बाहेर आलेली. अशा माणसाचा पाय लागला की अंगात भरलेली चमक उतरते, असं मावळात लहानथोर सगळेच मानतात. त्यामुळं रविवारी-मंगळवारी वलवणपासून माणसं येत आणि दारात पालथी पडत. बया भिंतीला हात टेकून त्यांच्या पाठीला तीनदा पाय लावी आणि लगेच वाकून त्यांना नमस्कार करी. कुणाकडून ती सुपारीसुद्धा घेत नसे. सुनेच्या पायाला गुण आहे म्हणून झुंबरबाई विहिरीवर मान जरा ताठ ठेवून पाणी भरायची.

शेठच्या लेकाची एक विलायती सायकल गाडीखान्यात असे. आठवड्यातून एकदा ती पुसायची आणि साखळीला तेल द्यायचं, एवढंच दत्तोबाचं काम. पण तिच्यावर त्याचा पहारा असा कडक, की एकदा पोस्टमननं गमतीनं घंटी वाजवली तर त्याला अर्धा तास बोलणी खावी लागली. बजरंगनं नुसतं फाटकापर्यंत नेऊ का म्हणून विचारलं होतं. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावणारं आपलं घराणं नाही, असं बापानं त्याला चारचौघांत सुनावलं होतं.

चौतीस सालच्या मार्गशीर्षात एके दिवशी दोघी बायका लोणावळ्याच्या बाजाराला गेल्या होत्या आणि बजरंग ड्यूटीवर होता. पंचावन्न वर्षांचा दत्तोबा साखळीला तेल देता देता सायकलीकडं बघत राहिला. एकदा बसून बघावं, असं त्याच्या मनात आलं. बघायला कोण होतं? पायरीचा आधार घेऊन तो चढला. बंगल्यापासून फाटकापर्यंत उतार आहे. पहिली वीस-पंचवीस पावलं सायकल इतकी सुरेख गेली, की तो एकटाच मोठ्यानं हसला. मग वळण आलं. वळायचं कसं हे त्याला माहीत नव्हतं, आणि थांबायचं कसं हे तर त्याहून नव्हतं. सायकल कुंड्यांत शिरली आणि दत्तोबा उजव्या खांद्यावर दगडी कठड्याला आदळला.

अशी कळ गेली की डोळ्यांपुढं काजवे चमकले. हात खांद्यापासून लोंबायला लागला. तशा अवस्थेत या शहाण्या माणसानं आधी काय करावं? सायकल उचलली. हँडल गुडघ्यांत धरून डाव्या हातानं सरळ केलं. धूळ पुसून ती जागेवर लावली, फुटलेल्या दोन कुंड्या केळीमागं टाकल्या, आणि मग खोलीत येऊन तो भुईवर आडवा झाला. थंडीच्या दिवसांत त्याच्या कपाळावरून घाम गळत होता.

बायका आल्या तेव्हा त्यानं सांगितलं, पाण्याची घागर उचलताना खांद्यात चमक भरली.

एवढं खोटं माणूस दिवसातून चारदा बोलतो आणि रात्री सुखानं झोपतो. पडलो म्हणाला असता तर बजरंगनं टांग्यात घालून त्याला संध्याकाळच्या आत डॉक्टरकडं नेलं असतं. पण चमक म्हटल्यावर डॉक्टर कशाला? औषध घरातच होतं. झुंबरबाईनं बयेला हाक मारली.

बया आधी तयारच होईना. सासऱ्याला पाय कसा लावायचा, असं म्हणून ती उंबऱ्यातच उभी राहिली. झुंबरबाई म्हणाली, परक्यांच्या चमका काढतेस आणि घरचा माणूस तळमळतोय तो दिसत नाही का? मग बया आत आली. दत्तोबा कसाबसा पालथा झाला. तिनं अलगद पाऊल खांद्यावर टेकवलं आणि टेकवल्याबरोबर उचललं.

"मामंजी," ती हळू आवाजात म्हणाली, "ह्यो खांदा जाग्यावर न्हाई. हाड खाली काखंत उतरलंय. तुमी पडला व्हता का कुटं?"

दत्तोबाचं तोंड भिंतीकडं होतं. खरं सांगायला याहून सोपी वेळ त्याला पुन्हा मिळाली नाही, आणि हे त्याला तेव्हाही आतून कळलं असावं. पण झुंबरबाई शेजारी उभी होती. ती विहिरीवर बोलली असती, तिथून बजरंगला कळलं असतं, बजरंगकडून पोस्टमनला, आणि मे महिन्यात शेठला. वीस वर्षांची नोकरी आणि त्याहून मोठा रुबाब, दोन्ही एका दिवसात गेलं असतं.

"न्हाई," तो म्हणाला. "घागर उचलताना झालं. तू दे पाय."

बयेनं पाय दिला. जरा दाबून दे, म्हणून सासूनं बजावलं, तसा दाबून दिला. दत्तोबा असा ओरडला की खालच्या बंगल्याचा माळी धावत वर आला. त्या माळ्यानं जे पाहिलं ते पुढं गावानं पाहिल्यासारखं झालं. दत्तोबा लोळतोय, आणि सून भिंतीला टेकून पाय आखडून उभी आहे.

पुढचे तीन आठवडे कसे गेले ते विचारू नये. आंबेहळदीचे लेप झाले, निर्गुडीचा शेक झाला, बिब्ब्याचे चटके देऊन खांद्यावरचं कातडं पोळलं. बोटं बधिर पडत चालली, घास उचलेना. बयाच त्याला भाकर कुस्करून देत होती. शेवटी बजरंगनं कुणाचं न ऐकता बापाला लोणावळ्याच्या दवाखान्यात नेलं. झुंबरबाईही बरोबर गेली.

डॉक्टरांनी खांदा चाचपला आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. सांधा निखळलेला होता. पहिल्या दिवशी आणला असता तर त्यांनी दोन मिनिटांत बसवला असता. आता आतून सगळं आवळून धरलं होतं आणि हाताच्या शिराही चेंगरल्या होत्या. त्यांनी विचारलं, कधी पडलात? दत्तोबा म्हणाला, पडलो नाही. मग याच्यावर कुणी वजन घातलं होतं का, असं त्यांनी विचारलं, आणि झुंबरबाईनं सुनेच्या पायाचं सांगितलं. डॉक्टर भडकले. असल्या अडाणीपणापायी माणसाचा हात घालवलात, म्हणाले. त्या बिचाऱ्याला कुठं ठाऊक, की तो एका खोट्यावरच आपलं शास्त्र रचतोय.

पुण्याला नेऊनही बघितलं. हात खांद्याच्या वर पुन्हा कधी गेला नाही.

डॉक्टरांचं बोलणं झुंबरबाईनं घरी आणलं, आणि घरातून ते विहिरीवर गेलं. रविवारी-मंगळवारी येणारी माणसं थांबली. पुढं तर बया वाटेनं दिसली की बायका लेकरांना जवळ ओढून घेऊ लागल्या. हिच्या पायाला गुण नव्हे, हिच्या पायात खोड आहे, असं कुणीतरी म्हणालं आणि सगळ्यांना ते पटलं. झुंबरबाई मनानं वाईट नव्हती. पण नवऱ्याला डाव्या हातानं जेवताना बघून तिला रोज नवीन राग यायचा आणि तो काढायला समोर एकच माणूस होतं.

बजरंगला मात्र काहीतरी खटकत होतं. एकदा बाप एकटा सापडलेला बघून त्यानं विचारलं, "आबा, खरंच घागर उचलताना झालं व्हय?"

"बापाला खोटा पाडतोस?" दत्तोबा खेकसला. बजरंग मान खाली घालून गेला आणि त्यानं परत कधी विचारलं नाही. त्या खेकसण्याचं दत्तोबाला पुढं फार वाईट वाटलं. पोरगं बायकोला वाचवायला आलं होतं आणि बापानं त्यालाच गप्प केलं.

माघात झुंबरबाईनं ठरवलं, बयेनं थोडे दिवस माहेरी जाऊन राहावं. थोडे दिवस म्हणजे किती, हे कुणी विचारलं नाही. बजरंगची ड्यूटी होती, म्हणून तिला लोणावळ्याच्या स्टेशनावर तळेगावच्या गाडीत बसवून द्यायला दत्तोबाच गेला. डाव्या हातात तिचं गाठोडं होतं.

वैशाखात शेठ आले. दत्तोबाचा हात बघून त्यांना वाईट वाटलं. बागकामाला दुसरा माणूस ठेवू, तू नुसता फाटकाशी बस, तुला मी जन्मात काढणार नाही, असं ते म्हणाले. शेठच्या लेकानं गाडीखान्यात डोकावून बघितलं. सायकल आता जुनी झाली, माझ्या काय कामाची, बजरंगला द्या, असं तो सहज बोलून गेला. ज्या नोकरीच्या भीतीनं दत्तोबानं तोंड मिटलं होतं, ती नोकरी अशी जन्माची पक्की झाली. आणि बजरंग रोज सकाळी त्याच सायकलीवरून ड्यूटीला जाऊ लागला. तो फाटकातून बाहेर पडेपर्यंत दत्तोबा झाडांना पाणी घालायचं निमित्त करून पाठ फिरवून उभा राही.

सांगावं असं त्याला पुष्कळदा वाटलं. पण आता सांगणं म्हणजे, मी सायकलीवरून पडलो, एवढंच सांगणं उरलं नव्हतं. मी माझ्या सुनेचं घर मोडलं, असं सांगायचं होतं. पहिलं वाक्य जड जात होतं तेव्हा तो ते बोलला नाही, आणि आता तर दुसरं बोलायचं होतं. शेठ गेल्यावर सांगू, भातलावणी झाल्यावर सांगू, दिवाळीला सांगू, असं करता करता वर्ष गेलं. पुढच्या वैशाखात झुंबरबाईनं बजरंगचं दुसरं लग्न लावलं.

मांडवात अक्षता टाकताना दत्तोबाचा उजवा हात वर उचलेना, म्हणून त्यानं डाव्यानं टाकल्या. मागं कुणीतरी हळहळलं. पहिलीनं बघा म्हाताऱ्याची काय दशा करून ठेवली, देवमाणूस बिचारा, एक शब्द बोलला नाही तिला. ते ऐकून दत्तोबाला मांडवात उभं राहवेना.

तिसऱ्या दिवशी मळवलीला भावाकडं जातो म्हणून तो निघाला आणि तळेगावला उतरला. इंद्रायणी ओलांडून उन्हातान्हाचा आंबीला पोचला. बया घरी नव्हती. राबाची भाजणी, म्हणजे भाताच्या रोपासाठी पाला पसरून जमीन भाजायचं काम चालू होतं, ती खाचरात होती, असं तिच्या भावजयीनं तोंड वाकडं करून सांगितलं.

बया पसरलेल्या पाल्यावर मातीच्या टोपल्या आणून टाकत होती. सासऱ्याला बघून तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, बांधावरच्या आंब्याखाली त्याला बसवलं आणि पाया पडली. पाया पडताना स्वतःची पावलं तिनं लुगड्याखाली ओढून घेतली. ते दत्तोबाला दिसलं आणि त्याचा सगळा धीरच सुटला. वाटभर घोकलेलं विसरून त्यानं एका दमात सांगून टाकलं. सायकल, उतार, कठडा, कुंड्या, सगळं. सांगताना तो लहान पोरासारखा रडला.

बयेनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मला ठावं हाय, मामंजी," ती म्हणाली.

"कवापासनं?"

"त्याच दिशी. सांच्याला तुमचं धोतर मीच धुतलं न्हवं. साखळीच्या तेलाचा डाग सोड्यानं बी गेला न्हाई. कुंड्या बी घावल्या केळीमागं."

"मंग बोलली का न्हाईस, पोरी?"

"सुनंनं सासऱ्याला खोटं पाडायचं? आन् तुमची नोकरी गेली असती तर?" बया पदराच्या टोकाशी चाळा करत होती. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर दत्तोबाला बरं वाटलं असतं.

तो उठला. आजच्या आज जाऊन बजरंगला सांगतो, सगळ्या तुंगार्लीला सांगतो, तुला घेऊन जातो, असं काय काय म्हणाला. बयेनं मान हलवली.

"आता त्या पोरीला कुटं धाडाल? तिच्या हातची हळद बी निगाली नसंल." मग ती म्हणाली, "मला वाटायचं, तुमी बोलाल. डाक्टराकडनं आलात तवा वाटलं, आज बोलतील. आत्याबाईंनी गाठुडं बांदाय सांगितलं तवा वाटलं. टेशनावर गाडी येईस्तोवर मी तुमच्या तोंडाकडं बघत व्हते, मामंजी. तुमी इचारलंत, पाणी पायजे का."

दत्तोबाला ते आठवलं. फलाटावर दोघंच होती. बया त्याच्याकडं बघत होती आणि ते बघणं त्याला सोसवत नव्हतं. नळ चार पावलांवर होता. तो सोडून दत्तोबा तांब्या घेऊन फलाटाच्या पार टोकाच्या नळावर गेला होता, आणि गाडीची शिट्टी ऐकू येईपर्यंत तिथंच थांबला होता.