विस्तव, गवत, शिंग

पेडगावच्या माळावर फोनला रेंज यायची ती एकाच बाभळीखाली. शालू तिथं इअरफोन घालून बसायची आणि तिच्या भोवतीनं मेंढरं ढगांच्या सावलीसारखी सरकत राहायची.

फोनवरचा कोरियन भाषेचा वर्ग फुकट होता. पण आज सांजेला ऐकण्याच्या परीक्षेत ती पुन्हा नापास झाली, तर तिची जागा दुसऱ्या कुणाला मिळणार होती. आणि अडलं होतं तीनच शब्दांत. विस्तव, गवत, शिंग. कोरियनमध्ये तिन्ही ओठांवरूनच उमटायचे. शिंगात तिला आपला नितळ प ऐकू यायचा, गवतात श्वास सोडणारा फ. विस्तव मात्र दोहोंच्या मधे धुरासारखा तरंगायचा आणि बघता बघता गवत होऊन जायचा.

वर्गातली चीनची लिन इथं कधी चुकत नसे. दुपारी शालूनं तिला फोनवर विचारलं.

"मी श्वास शोधतच नाही," लिन मोडक्या इंग्रजीत म्हणाली. "आमच्याकडं सूर चढला-उतरला की शब्द बदलतो. विस्तव खालून येतो. गवत वरून."

शालूला वरचं-खालचं काहीच ऐकू येईना.

"तोंड का पाडलंस गं?" काठीला टेकून उभ्या असलेल्या येडबानं लेकीला विचारलं. तिनं सगळं सांगितलं.

"म्हंजी ती पोरगी मेंढराच्या कानाची हाय."

"आबा, थट्टा नका करू."

"थट्टा न्हाई. मेंढराला कुठं अक्षर कळतंय?" त्यानं खालच्या सुरात हाक दिली, "हुर्र." कळप थबकला. तीच हाक उंच गेली, तसा चालू लागला. "तू लय अक्षरं ऐकायलीस, पोरी."

सांजेला शालूनं डोळे मिटले. कानात शब्द आला. प की फ, हे तिनं विचारलंच नाही. आत कुठंतरी एक कळप चालला होता, तो थबकला. माना खाली घालून उभा राहिला. तिनं डोळे उघडून फोनवरल्या विस्तवाच्या चित्रावर बोट ठेवलं. पुढचा शब्द आला, आणि कळप गवताकडं निघाला.

शेवटी बाईंनी सोमवारपासून येणाऱ्यांची नावं वाचली. शालूचं नाव मधेच कुठंतरी आलं.

लिननं विचारलं, कसं जमलं? शालूनं आबाच्या दोन्ही हाका फोनमध्ये भरून तिला धाडल्या. इअरफोन काढून ती मेंढरांमागं घराकडं निघाली, तोवर उत्तर आलं. कुठल्याशा दूरच्या शहरातून लिन हसत, अगदी खालच्या सुरात म्हणत होती, "हुर्र."

बाभळीपुढं मेंढरं थांबली.