पडदेवाल्या बाईंचा उजवा हात

अर्धांगाच्या झटक्यात पडदेवाल्या बाईंची उजवी मूठ मिटली ती मिटलीच. बोलणं शाबूत राहिलं, पायही हळूहळू ताळ्यावर आला; पण अर्ध्या शहराच्या खिडक्यांना पडदे शिवणारा तो हात मांडीवर परक्यासारखा पडून राहायचा.

इस्पितळातल्या फिजिओथेरपिस्ट मुलीने तो हात एका यंत्रात बसवला. एकेक बोट पट्ट्यात अडकवायचं आणि समोरच्या स्क्रीनवर पडणारं सफरचंद झेलायला मूठ उघडायची. बोटं अडली की यंत्र ती अलगद उघडून द्यायचं.

"तुम्ही जितकं जास्त कराल, तितकं ते कमी करेल, काकू," मुलगी म्हणाली. "लबाड आहे ते!"

बाईंचे यजमान ड्रायव्हिंग स्कूल चालवायचे. ते बाजूच्या स्टुलावर गाल फुगवून बसलेले. "तासभर त्याच्या हातात हात देऊन बसतेस. माझ्याजवळ कधी बसली होतीस अशी?"

"सवतीचं पुल्लिंग काय हो?" बाईंनी विचारलं. मुलीला हसू आवरेना.

यंत्राची मदत कमी होत गेली. इस्पितळात बोटं उघडायची, घरी मात्र हात पुन्हा गप्प. मुलगी बुचकळ्यात पडली. "घरी काय काय करता या हाताने?"

"मी हात उचलायच्या आत हे करून मोकळे होतात."

यजमान ओशाळले तर नाहीतच, उलट कौतुकाने सांगू लागले, केस कसे विंचरून देतो, पाव कसा कापून देतो, बटणं कशी लावतो. मुलगी बाईंकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी निघताना यजमानांचा हात सवयीने बाईंच्या स्वेटरच्या बटणाकडे गेला.

"थांबा."

"अगं, उशीर होतोय."

"होऊ दे. शिकाऊ पोरीची गाडी बंद पडली, तर तिला उचलून मागच्या सीटवर ठेवता का?"

"तिची गोष्ट वेगळी. तुझी धडपड मला बघवत नाही गं."

बाईंचा आवाज मऊ झाला. "मग बघू नका. पण हात लावू नका."

ते समोरच्या खुर्चीत बसले. खिडकीबाहेर बघायचं ठरवलं, पण नजर काही हलेना. बटण काजाशी यायचं नि निसटायचं. प्रत्येक वेळी त्यांचा उजवा पाय जमिनीवर दाबला जायचा.

"ब्रेक सोडा," मान वर न करता बाई म्हणाल्या.

ते हसले आणि चष्मा पुसू लागले. तोवर बटण आत गेलं, पण खालच्या काजात. स्वेटर एका बाजूने वर चढला.

"अगं, ते..."

"गेलं ना आत?"

"गेलं."

तसाच वाकडा स्वेटर घालून त्या रस्त्याने चालत गेल्या आणि यजमान शेजारून ऐटीत.

पुढे घरात सगळंच सावकाश होऊ लागलं. चहा निवायचा, पाव वेडावाकडा कापला जायचा. यजमान मध्येच विसरून हात पुढे करायचे आणि जीभ चावायचे. करंगळी अजूनही आखडलेलीच आहे, नाजूक शिवण बाईंना जमत नाही. पण त्या हलकं कापड शिलाईच्या मशीनखाली सरकवू लागल्या. पहिला पडदा तयार झाला तो यजमानांनी हट्टाने आपल्या ऑफिसात लावला.

परवा गाडी शिकायला आलेल्या एका बाईंनी विचारलं, "हा पडदा खालून असा नागमोडी का हो?"

"आमच्या मंडळींनी शिवलाय," असं म्हणून त्यांनी हातातली गाडीची किल्ली टेबलावर ठेवली आणि पडद्याविषयी सांगायला बसले.