सात नंबरची मागची बाजू

रूबेन मॅनिगो दाढी करायला आत गेला तेव्हा त्याची बायको हेस्टर ओसरीवर झुलत्या खुर्चीत बसली होती. अर्धा गाल झाला आणि त्याला कसंतरीच वाटलं. वस्तरा हातात तसाच घेऊन बाहेर आला, तर खुर्ची रिकामी.

आता एक्क्याऐंशी वर्षांचा माणूस धावून धावून किती धावणार? तरी धावला. परसात बघितलं, कोपऱ्यावरच्या दुकानात विचारलं, चर्चचं कुलूप ओढून बघितलं. अर्ध्या गालाला साबण तसाच वाळत होता. पोलिसांना फोन केला. ते म्हणाले, लक्ष ठेवतो. यात दोन तास गेले. मग तो हेस्टरच्या पलंगापाशी आला आणि त्याला खिळा दिसला. खिळ्यावर काहीच नव्हतं.

त्या खिळ्यावर पत्रक असायचं. आमच्या चार्ल्सटन गावात काळ्या माणसांनी जे केलं आणि जे सोसलं, त्याच्या जागा आपल्या आपण पायी फिरून बघायच्या, त्याचा नकाशा. एकापासून अकरापर्यंत आकडे. ते पत्रक गावातल्या इतिहास मंडळाच्या लोकांनी छापलं खरं, पण त्यातलं निम्मं हेस्टरनं सांगितलेलं. शेवटच्या पानावर तिचा फोटोसुद्धा होता. दोन वर्षांपासून तिचं डोकं तिला सोडून चाललं होतं. आधी चुलीवरचा भात विसरली, मग पोरांची नावं, आणि एक दिवस रूबेनलाच म्हणाली, "तुम्ही कुणाकडं आलात?" पण पत्रक सोडलं नाही. रोज बायबलसारखं उघडून बसायची.

समोरच्या शेजारणीनं तेवढ्यात ओरडून सांगितलं, "रूबेन, मी तिला बसमध्ये चढताना बघितलं! मला वाटलं तू बरोबर आहेस!"

"कधी?"

"नऊ वाजता. कपड्यांची टोपली होती तिच्याकडं."

टोपलीचं त्यानं ऐकलं आणि सोडून दिलं. तिथंच तो चुकला. पण त्या घडीला त्याच्या डोक्यात एकच होतं. हेस्टरनं सकाळचं इंजेक्शन घेतलं होतं आणि पोटात घास नव्हता. तिला साखरेचा आजार, आणि इंजेक्शन घेऊन उपाशी राहिलं की साखर धोक्याइतकी उतरते. वर सप्टेंबरचं ऊन, आणि आज पुनवेचं उधाण, चार वाजता पूर्ण भरती. उधाणाच्या दिवशी आमच्या खालच्या गल्ल्यांत आभाळ कोरडं असतं आणि गटारातून समुद्र वर येतो.

हेस्टरची धाकटी बहीण ओडेसा गाडी घेऊन आली. तिचे दोन्ही गुडघे गेलेले, जीभ मात्र शाबूत.

"दाजी, आधी तो साबण पुसा. माझी बहीण सापडली तर घाबरून परत पळेल."

"गाडी चालव."

"चालवते. पण जाणार कुठं?"

"एक नंबरला. ती पत्रक घेऊन गेलीय. पहिल्यापासून शेवटपर्यंत जाईल. तिचा स्वभावच तसा आहे."

एक नंबर म्हणजे धक्का, जिथं जहाजं लागायची. तिथं हेस्टर नव्हती. दोन नंबरची भिंत, जिच्यापुढं माणसं उभी करून विकली. तिथं शाळेची पोरं होती, हेस्टर नव्हती. तीन नंबरच्या चर्चमध्ये एक बाई फरशी पुसत होती. रूबेननं पाकिटातला हेस्टरचा फोटो पुढं केला. तिनं तो बघितला, रूबेनकडं बघितलं आणि म्हणाली, "देवा, ही आमची मिस हेस्टर! हिनंच माझ्या पोराला हे चर्च दाखवलं होतं." आणि रडायलाच लागली. तिची समजूत काढायला रूबेनकडं वेळ नव्हता.

चार नंबर म्हणजे विटांची भिंत. त्या विटा ओल्या असताना गुलाम पोरांनी उचलून वाळत घातल्या, त्यांच्या बोटांचे ठसे अजून त्यात आहेत. रूबेन जन्माचा गवंडी. अशा विटा त्यानं हजार वेळा हाताळल्या होत्या आणि दर वेळी थापी खाली ठेवून एकदा बोट लावलं होतं. तिथं एक परगावचं जोडपं तेच पत्रक घेऊन उभं होतं. त्यानं फोटो दाखवला.

"हो, भेटल्या ना!" त्यातली बाई म्हणाली. "साडेदहा झाले असतील. डोक्यावर कपड्यांची टोपली, आणि हात न लावता चालत होत्या! मी विचारलं, एक फोटो काढू का? तर म्हणाल्या, बूनीला वेळ नाही."

ओडेसानं रूबेनचा दंड धरला. "काय म्हणाली?"

"बूनीला वेळ नाही, असं. आणि खाली पाण्याकडं गेल्या."

आमच्यात पोराला दोन नावं असतात. एक कागदावरचं आणि एक टोपलीतलं, म्हणजे तान्हेपणी टोपलीत निजलेलं असताना आईनं ठेवलेलं. ते घराच्या उंबऱ्याबाहेर जात नाही. हेस्टरला बूनी ही हाक फक्त त्यांची माय मारायची, आणि मायला जाऊन पन्नास वर्षं झाली होती.

"दाजी," ओडेसा म्हणाली, आणि आता तिच्या आवाजात थट्टा नव्हती, "ती पत्रकावर चालतच नाहीये. ती दहा वर्षांची झालीय. मायबरोबर गोऱ्यांच्या घरी धुणं पोचवायला चाललीय."

"पत्रक घेऊन गेलीय ती."

"पत्रक नेलं असेल. पण टोपली कशाला नेली? खळ घातलेल्या चादरी घेऊन आम्ही याच रस्त्यांनी यायचो. पण पाट्या लावल्यात तिथं नाही हो. मागनं. गल्लीबोळातनं, मागच्या दारानं."

रूबेन पाच नंबरकडं चालू लागला.

आता हे तुम्हाला सांगायलाच हवं. रूबेन बारा वर्षांचा होता तेव्हा बापाबरोबर विटांचा गाडा घेऊन एका मोठ्या घराच्या मागच्या दाराशी गेला होता. बाप गावातला एक नंबरचा गवंडी. घरची बाई झोपली होती. बाप हॅट हातात धरून सकाळपासून दुपारपर्यंत उन्हात उभा राहिला. मग आतून निरोप आला, उद्या या. बाप म्हणाला, "होय, बाईसाहेब." त्या दिवशी रूबेननं शपथ घेतली की मागच्या दारानं कुणाच्याही घरात पाऊल टाकणार नाही. आणि पाळली. कितीतरी कामं गेली. पुढं जमाना बदलला आणि गावातली निम्मी धुराडी त्यानंच बांधली, पण शिडी घेऊन गेला तो पुढच्या फाटकानंच. लोक त्याला पुढलं-दार रूबेन म्हणायचे. हेस्टर हसायची, "स्वर्गाचं दार मागच्या बाजूला निघालं तर हा बाबा बाहेरच राहील."

पाच नंबरला पुढून घंटा वाजवली. नाही. सहा नंबरला पुढून. नाही. सात नंबरच्या दारावर पाटी होती, या घरात अकरा गुलाम माणसं राबत होती म्हणून. आतून एक पोक्त गोरी बाई आली, चांगली होती बिचारी. "नाही हो, इथं कुणीच आलं नाही. आलं असतं तर घंटा वाजली असती ना."

"बरोबर आहे," रूबेन म्हणाला, आणि आठ नंबरकडं गेला.

अकरापर्यंत गेले. अकरावरून परत एकवर आले. दोन वाजले, तीन वाजले. पोलिसांना पुन्हा फोन केला. ते म्हणाले, बघतोय. तीन नंबरच्या चर्चच्या पायरीवर ओडेसाचा गुडघा असा कळवळला की ती मटकन खालीच बसली. रस्त्याच्या कडेला गटारातून पाणी बुडबुडत वर येत होतं, स्वच्छ उन्हात.

"मागच्या गल्ल्या बघा, दाजी. मी नाही चालू शकत आता."

"पुढनं एकदा सगळीकडं..."

"पुढनं दोनदा झालं!" ओडेसा इतक्या जोरात ओरडली की समोरचा घोडागाडीवाला थांबला. "सकाळपासून पुढनं, पुढनं! त्या घरांच्या पुढच्या पायरीवर हेस्टरनं दहाव्या वर्षी पाय ठेवला असता तर मायचं काम गेलं असतं. ती तिथं कशी असेल? सांगा मला, तुमची शपथ मोठी का माझी बहीण?"

खरं सांगायचं तर रूबेनला नुसती लाज नव्हती वाटत, भीती वाटत होती. पन्नास वर्षं ज्या घरांच्या डोक्यावर बसून काम केलं, त्यांच्या मागच्या वाटाच त्याला ठाऊक नव्हत्या.

"कुठलं घर?" तो म्हणाला. "मायची किती घरं होती?"

"चार. मी पाच वर्षांची होते, मला काय आठवतंय? एका घरी अंजिराचं झाड होतं, स्वयंपाकघराच्या पायरीला लागून. तिथं थांबवून ठेवायचे. मोलकरीण एक अंजीर द्यायची, हेस्टर अर्धं मला द्यायची."

"अंजीर?"

"अंजीर."

रूबेननं डोळे मिटले. धुराड्यावर बसलं की खाली काय काय दिसतं ते एकेक आठवलं. सहावरून विहीर दिसायची. नऊवरून घोड्यांचा तबेला. आणि सातवरून, मागच्या बाजूला, एका ठेंगण्या छपराला टेकलेला पानांचा हिरवा ढीग. डबा खाताना त्यानं कितीदा बघितला होता.

"सात," तो म्हणाला. "पोरी, मी तिच्या पुढ्यातनं दोनदा गेलो."

सातच्या मागची गल्ली दोन माणसं शेजारून जाणार नाहीत एवढी अरुंद. पाणी पोटरीपर्यंत आलं होतं. दोन्ही हात भिंतींना लावत, बोटांनी विटा मोजत तो चालला. एक दार, ते नाही. दुसरं दार कुजलेलं, वरून अंजिराची फांदी बाहेर आलेली. दार अर्धं उघडं. तो उंबऱ्याशी थांबला. खोटं कशाला सांगू, पाऊल उचलेना. मग त्यानं बापासारखीच हॅट काढली आणि आत गेला.

स्वयंपाकघराच्या पायरीवर हेस्टर बसली होती. मांडीवर टोपली, टोपलीत घडी घातलेल्या घरच्याच चादरी, त्यांच्यावर पत्रक, ऊन लागू नये म्हणून पालथं घातलेलं. घोटे पाण्यात. ओठ पांढरे, फुटलेले. अंग थरथरत होतं आणि घामानं झगा चिकटला होता. पाच तास तिथं बसली होती ती, पुढच्या दाराच्या घंटेपासून वीस पावलांवर.

"हेस्टर!"

तिनं टोपली छातीशी ओढली. "मी काही केलं नाही. मला थांबायला सांगितलंय."

"मी रूबेन. चल, घरी चल."

"बाईसाहेब आल्या नाहीत अजून. चादरी मोजून घ्यायच्यात."

तिच्यासाठी कायम खिशात ठेवलेली साखरेची पुडी त्यानं फाडली आणि तिच्या तोंडाशी नेली. तिनं तोंड फिरवलं. परक्या माणसाच्या हातचं खाऊ नये, असं मायनं शिकवलेलं. तेवढ्यात घराचं दार उघडलं आणि ती मघाची बाई गचकन थांबली. "अरे देवा! इथं होत्या? या, या, आतून या, पुढच्या दारापर्यंत सगळं कोरडं आहे. मी गाडी बोलावते दवाखान्याची."

रूबेननं हेस्टरला काखेत धरून उचलायला घेतलं. हेस्टर किंचाळली. त्या अंगात एवढा आवाज कुठून आला कुणास ठाऊक. "नको! तिकडनं नको! मायचं काम जाईल! माय मारील मला!" आणि पायरी धरून बसली. नखं विटेत रुतलेली. किंचाळली आणि मग मान एका बाजूला कलंडायला लागली.

रूबेन पाण्यात गुडघ्यावर बसला. आयुष्यभर ज्या आवाजाचा त्याला संताप होता, तो बापाचा 'होय, बाईसाहेब'वाला आवाज त्यानं गळ्यातून काढला.

"बूनी," तो म्हणाला, "मला बाईसाहेबांनी पाठवलंय. धुणं मोजून घ्यायला."

तिनं डोळे उघडले. "तुम्हाला माझं नाव कसं माहीत?"

"तुझ्या मायनं सांगितलं. बाहेर उभी आहे ती. दे, मोजू."

त्यानं एकेक चादर उचलली आणि मोजली. पाण्याचे थेंब पडत होते तरी सावकाश मोजली, कारण घाई केली असती तर तिला संशय आला असता. "सहा."

"आणि अभ्रे चार," ती म्हणाली.

"आणि अभ्रे चार. बरोबर आहे. खळ चांगली झालीय. हे घे, कामाचा खाऊ."

तिनं जीभ बाहेर काढली आणि साखर घेतली. अर्धी पुडी झाल्यावर तोंड मिटलं. "उरलेली माझ्या बहिणीला."

टोपली त्यानं स्वतःच्या डोक्यावर ठेवली. एका हातानं ती धरली, दुसऱ्या हातानं बायकोला कमरेला आवळलं आणि दोघं मागच्या दारानं निघाली. पाणी आता गुडघ्याला लागत होतं. दारातली बाई मागून काहीतरी सांगत होती, ते त्यानं ऐकलं नाही. गल्लीच्या मध्यावर हेस्टरचे पाय सुटले. मग त्यानं टोपली सोडली. चादरी पाण्यावर पसरल्या, हॅट त्यांच्याबरोबर गेली. त्यानं हेस्टरला पाठंगुळी घेतलं. एक्क्याऐंशी वर्षांचं कंबरडं काय म्हणालं ते त्याचं त्याला ठाऊक. वाटेत एकदा भिंतीला टेकला, पुन्हा उठला.

गल्लीच्या तोंडाशी दवाखान्याची गाडी उभी होती. ओडेसा लंगडत तिथवर आली होती, एका हातानं खांब धरून, एका हातानं तोंड दाबून उभी. त्या लोकांनी हेस्टरला झोपवलं, बोटाला सुई टोचली, आकडा बघितला आणि एकमेकांकडं बघितलं. मग भराभर कामाला लागले.

हेस्टरनं मान वळवली. ओडेसाला ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, "हा म्हातारा कोण गं? चांगल्या घरचा दिसतोय. मागनं आला."

मग डोळे मिटले. ओडेसा हाका मारत राहिली, बूनी, बूनी, आणि डोळे उघडेनात.

"बाबा, तुम्ही पुढं बसा, ड्रायव्हरशेजारी," गाडीतला माणूस म्हणाला. "पुढं जागा आहे."

"नाही," रूबेन म्हणाला. आणि मागच्या दारानं आत चढला.