समासातले ठिपके

अकरा नावं लिहून झाली होती. बाराव्या ओळीवर कोचचं पेन अडलं होतं आणि बाहेर फलकापाशी शिडी उभी होती. शिडी म्हणजे बास्केटबॉल संघातली सगळ्यांत उंच मुलगी. तिचं हे शेवटचं वर्ष. आज नाव लागलं नाही, तर मोठी स्पर्धा तिला पुन्हा दिसणार नव्हती.

"सहा सामने, नऊ गुण," कोच म्हणाला. "बास्केटखाली उभ्या राहणाऱ्या सेंटरला हे शोभतं का, ताई?"

त्याची थोरली बहीण गेली वीस वर्षं सामन्यांचे गुण लिहीत आली होती. ती पेन्सिलीला टोक काढत होती. "शोभायला काय ती नवरी आहे?"

"अमेरिकेचा सेंटर चेंबरलेन बघ. एका सामन्यात शंभर गुण."

"आणि त्याच्यासमोर खेळणारा रसेल? तेरा वर्षांत अकरा विजेतेपदं."

"त्याचा संघच भारी होता गं."

"कोणामुळे भारी झाला? लहानपणापासून तुझं हेच. ताटातलं गार व्हायचं, पण तुझा चेंबरलेन हटायचा नाही."

"बरं, गुणांचा डोंगर रचणारा करीम तरी मान."

"सगळ्यांनाच मानते रे. गाणाऱ्याचं नाव होतं, मागे सूर धरून बसलेल्याला कोण विचारतं? पण तो उठून गेला की गाणाराच चाचपडतो."

"प्रवचन नको. आकडा दे."

"रसेलने किती फेकी अडवल्या, ते त्या काळी मोजतच नसत. मग आकडा यायचा कुठून?" ताईने पिशवीतून सहा कागद काढले. गुणपत्रकांच्या तिच्या स्वतःच्या नकला होत्या त्या. समासात पेन्सिलीचे बारीक ठिपके होते, मुंग्यांची रांग लागावी तसे.

"हे काय?"

"शिडी आडवी आली म्हणून समोरच्या संघाची जी पोरगी चेंडू न फेकताच मागे फिरली, तिचा एक ठिपका."

कोच बोट ठेवून मोजू लागला. पहिल्या सामन्यात चौदा, दुसऱ्यात सतरा. सहाव्या कागदावर तो थबकला. शेवटच्या दहा मिनिटांचा समास कोरा होता.

"इथे विसरलीस."

"विसरले नाही. तिथे तू तिला बाकावर बसवलं होतंस."

तो सामना ते चार गुणांनी हरले होते. शिडी बाकावर गेली तेव्हा सहा गुणांनी पुढे होते, हेही त्याला आठवलं. त्याने कागद नीट जुळवून ताईच्या हातात दिले आणि बाराव्या ओळीवर नाव लिहिलं. मग स्वतःच बाहेर जाऊन यादी टाचली.

यादीचं शेवटचं नाव वाचायला शिडीला वाकावं लागलं. वाचून झालं, तरी बराच वेळ ती सरळ झाली नाही.

कोच आत येऊन खुर्चीत बसला. "पण शंभर ते शंभरच, ताई."

"हो रे राजा," ताई म्हणाली आणि त्याचा डबा उघडून तिने त्याच्यापुढे सरकवला.